हॉटेल वर, नदी उलटी!

१८६१ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या शिकागो शहरात ट्रेमाँट हाऊस नावाचं एक बडं हॉटेल होतं. विटांचं, सहा मजली, एकरभर जागा व्यापून बसलेलं. तिथं उतरलेला एक पाहुणा म्हणे रोज गोंधळून जायचा. पहिल्या दिवशी रस्त्यावरून आत शिरायच्या पायऱ्या अगदी सोप्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या जरा उभ्या वाटल्या. आणखी दोन दिवसांनी तर चांगलीच चढण! सामान बांधून निघाला त्या दिवशी बघतो तर काय, आला तेव्हा डोळ्यांसमोर असलेल्या खिडक्या आता डोक्याच्याही वर. पाहुणा काही बुटका होत चालला नव्हता. हॉटेलच वर चाललं होतं.

पाहुण्याच्या गोष्टीला सांगणाऱ्यांनी थोडं तिखटमीठ लावलेलं असणार. पण हॉटेलची गोष्ट मात्र शंभर टक्के खरी आहे. वर लोक जेवत होते, झोपत होते, पेपर वाचत होते. आणि खाली खणलेल्या चरांमध्ये पाचशे माणसं पाच हजार जॅक फिरवत होती. असं करत करत ते अख्खं हॉटेल सहा फूट वर गेलं.

कशाला हा उपद्व्याप? तर गावात फार माणसं आली म्हणून!

पटत नाही ना? मग हे आकडे बघा. १८४० साली शिकागोत ४,४७० माणसं राहत होती. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. दहा वर्षांनी ती झाली जवळजवळ ३० हजार. आणखी दहा वर्षांनी १ लाख १२ हजार. १८७० मध्ये ३ लाख, १८८० मध्ये ५ लाख, १८९० मध्ये ११ लाख आणि १९०० साली १७ लाख. म्हणजे साठ वर्षांत ३८० पट! त्या खेड्यात लहानपण घालवलेली एखादी मुलगी आजी होईपर्यंत तिचं गाव अमेरिकेतलं दोन नंबरचं शहर झालेलं होतं. आता गावात जन्मलेल्या बाळांनी काही एवढी भर पडत नाही. माणसं बाहेरून येत होती. कुठून, ते सांगतेच, पण आधी ती तिथंच का येत होती ते बघू.

शिकागो वसलंय मिशिगन सरोवराच्या काठावर. सरोवर कसलं, समुद्रच तो, पलीकडचा काठ दिसतच नाही. गावातून एक आळशी नदी वाहायची आणि सरोवराला मिळायची. तिचं नावही शिकागोच. आता गंमत अशी की सरोवरापासून पंधरा-वीस किलोमीटर पश्चिमेला गेलात की दुसरीच एक नदी लागते. तिचं पाणी सरोवराकडे येत नाही. ते जातं दुसऱ्या दिशेला, मिसिसिपी या महानदीत, आणि तिथून थेट दक्षिणेच्या समुद्रात. म्हणजे या दोन नद्यांच्या मधे पाणी वाटून देणारा एक उंचवटा आहे. भूगोलाच्या पुस्तकात त्याला जलविभाजक म्हणतात. आपल्याकडे हे काम सह्याद्री करतो. पश्चिमेचं पाणी अरबी समुद्राला, पूर्वेचं बंगालच्या उपसागराला. शिकागोजवळचा जलविभाजक मात्र इतका ठेंगणा की त्यावर उभं राहिलं तरी तो आहे हे कळायचं नाही. पावसाळी दिवसांत तिथं नुसता चिखल व्हायचा आणि त्या चिखलातून लोक होड्या ओढत पलीकडे न्यायचे.

या चिखलाची वाट पोटावाटोमी नावाचे तिथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. १८३३ साली अमेरिकन सरकारनं त्यांच्याकडून करार करून जमिनी घेतल्या आणि पुढच्या काही वर्षांत त्यांना मिसिसिपीच्या पलीकडे घालवून दिलं. शहराच्या वाढीची गोष्ट सांगताना ‘लोक आले, लोक आले’ असं आपण म्हणत राहतो. काही लोकांना त्याआधी जावं लागलं होतं, तेही नोंदवून ठेवू या.

मग त्या ठेंगण्या उंचवट्यातून कालवा खणायचं ठरलं. १८३६ मध्ये कुदळ पडली आणि १८४८ मध्ये दीडशे किलोमीटरहून लांब कालवा तयार झाला. खणणारे बहुतेक आयर्लंडहून आलेले मजूर. हातात कुदळ-फावडी, पाय चिखलात आणि अंगात थंडीताप. त्याच वर्षी शिकागोतून पहिली आगगाडीही सुटली. आता पश्चिमेकडचा गहू, लाकूड, गुरं, सगळं शिकागोत यायला लागलं आणि तिथून पूर्वेकडच्या शहरांना जायला लागलं. माल आला की तो उतरवायला, दळायला, कापायला, भरायला माणसं लागतात. यंत्रं आली तरी ती चालवायला माणसं लागतातच.

आणि माणसं तर युरोपातून निघालेलीच होती. आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्यावर करपा पडला. बटाट्याची पानं काळी पडायची आणि जमिनीतले बटाटे सडून जायचे. तिथले गरीब लोक जवळजवळ फक्त बटाट्यावर जगत. काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि रोगांनी मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. एका सूक्ष्मजीवानं अख्ख्या देशाची माणसं हलवली! जर्मनीत १८४८ ची क्रांती फसली, तेव्हा तिथून लोक आले. स्वीडनमध्ये १८६० नंतर ओळीनं पिकं बुडाली, तिथूनही आले. पुढे पोलंड, लिथुआनिया, बोहेमिया, इटली आणि रशियातले ज्यू. १८६० च्या सुमारास शिकागोतली निम्मी माणसं परदेशात जन्मलेली होती. १८९० मध्ये परदेशात जन्मलेले दहात चार होते. पण त्यांची तिथं झालेली मुलंबाळं धरली, तर शहरातली पाऊण माणसं याच घरांतली.

येणं सोपं नव्हतं. शिडाच्या जहाजानं अटलांटिक ओलांडायला पाच-सहा आठवडे लागायचे, वारा रुसला तर जास्तच. वाफेची जहाजं आली आणि तोच प्रवास दोन आठवड्यांच्या आत आला. स्वस्तातलं तिकीट काढणाऱ्यांची जागा जहाजाच्या तळाशी असे. अंधार, कोंदट हवा, ओकाऱ्या. तरीही पुढे गेलेला काका किंवा मोठा भाऊ पत्रात तिकीटच घालून पाठवायचा. मग कोण थांबतंय! एका गावातला एक गेला की पाच वर्षांनी त्याच्या गल्लीतले दहा जण शिकागोच्या एकाच गल्लीत राहायला आलेले असायचे. (कोकणातला एक चाकरमानी मुंबईच्या गिरणीत लागला की मागोमाग वाडीतले चार जण त्याच्याच खोलीत येऊन टेकायचे, ते थेट असंच.)

१ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस बेटावर परदेशातून येणाऱ्यांची नवी तपासणी-कचेरी उघडली. पहिली नोंद झाली आयर्लंडच्या ॲनी मूर नावाच्या मुलीची. आईवडील आधीच अमेरिकेत पोचलेले आणि ही पोरगी दोन धाकट्या भावांना सांभाळत समुद्र ओलांडून आलेली. तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं भेट मिळालं. बाकीच्यांच्या वाट्याला मात्र नाणं नाही, डॉक्टरची नजर यायची. रांग पुढे सरकायची आणि डॉक्टर काही सेकंदांत माणूस पारखायचे. शंका आली की कोटावर खडूनं एक अक्षर काढायचे. ‘एच’ म्हणजे हृदय तपासा, ‘एल’ म्हणजे लंगडतोय, ‘ई’ म्हणजे डोळे बघा. डोळ्यांत खुपऱ्या असतील तर परत पाठवणी व्हायची, म्हणून पापणी उलटी करून बघायचे. आणि ती कशानं उलटायचे? बुटाची बटणं लावायच्या आकड्यानं! कल्पनेनंच डोळ्यांत पाणी येतं. यातून सुटलेली बरीचशी मंडळी मग आगगाडीत बसायची आणि शिकागोच्या रस्त्याला लागायची.

आता पुन्हा त्या चिखलाकडे येऊ. शिकागोची जमीन सरोवराच्या पाण्यापेक्षा जेमतेम काही फूट उंच. आणि सपाट किती, तर पडलेलं पाणी कुठं जावं हे त्याला कळेना. घरातलं सांडपाणी रस्त्यात, घोड्यांची लीद रस्त्यात, रस्त्याचा चिखल दारात. चार हजार माणसं होती तेव्हा हे कसंबसं चालून गेलं. तीस हजार, साठ हजार झाल्यावर कसं चालेल? १८५४ साली कॉलऱ्याची साथ आली आणि एका वर्षात चौदाशेच्या आसपास माणसं दगावली. कॉलरा घाण पाण्यातून पसरतो हे आज तुम्हाला शाळेत शिकवतात. तेव्हा बऱ्याच डॉक्टरांचं म्हणणं होतं की घाणेरड्या वासाच्या हवेनं रोग होतो. कारण चुकीचं होतं, पण उपाय बरोबर निघाला. घाण वाहून नेणारी गटारं बांधा!

हे काम आलं एलिस चेसब्रो नावाच्या इंजिनिअरकडे. गटाराला उतार लागतो. नळ जमिनीखाली पुरला आणि त्याला उतार दिला, तर सपाट गावात तो पुढे जाऊन नदीच्या पाण्याखालीच जाणार, मग घाण नदीत पडणार कशी? चेसब्रोनं डोकं लढवलं. खाली जाता येत नसेल तर वर जाऊ! त्यानं नळ रस्त्याच्या वरच टाकले, नदीकडे उतार देऊन. मग त्यांच्यावर माती पसरली. नदीचा तळ खरवडून काढलेला गाळही त्यात घातला. त्यावर नवा रस्ता केला. झालं काम! फक्त एकच अडचण. रस्ता झाला चार-सहा फूट उंच, काही ठिकाणी त्याहूनही जास्त, आणि घरं राहिली खड्ड्यात.

म्हणून घरं उचलायची.

ट्रकचा टायर बदलताना ड्रायव्हर ज्या जॅकनं गाडी उचलतो ना, त्याचाच हा जुना भाऊबंद, स्क्रू-जॅक. जाड लोखंडी स्क्रू आणि तो फिरवायला लांब दांडा. स्क्रूवरचा आटा म्हणजे गोल गोल गुंडाळलेला चढ असतो. दांडा एक अख्खा फेरा फिरला की वरचं वजन अगदी थोडंसं, बोटभरही नाही, वर सरकतं. हात खूप फिरतो आणि वजन थोडंच हलतं, म्हणूनच माणसाच्या ताकदीला ते झेपतं. विज्ञानात फुकट काही मिळत नाही बरं का. ताकद वाचली, ती फेऱ्यांच्या हिशोबात फेडावी लागली.

१८५८ च्या जानेवारीत पहिली विटांची इमारत उचलली. चार मजली, वजन साडेसातशे टन, खाली दोनशे जॅक. लोक धास्तावून बघत होते. भिंतीला तडा नाही! मग काय, सगळ्यांनाच हुरूप आला. १८६० मध्ये लेक स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरची दुकानांची पूर्ण रांग एकदम उचलायला घेतली. लांबी ३२० फूट, अंदाजे वजन ३५ हजार टन. खाली सहा हजार जॅक आणि सहाशे माणसं. म्हणजे एकेका माणसाच्या वाट्याला दहा जॅक आणि एकेका जॅकवर जवळजवळ सहा टन भार. शिट्टी वाजली की सगळ्यांनी आपापले जॅक ठरलेले तेवढेच फिरवायचे. एखादा अतिउत्साही माणूस जास्त फिरवता, तर त्या जागी भिंत चिरली असती. पाच दिवसांत ती रांग ४ फूट ८ इंच वर गेली आणि दुकानं एक दिवसही बंद नव्हती. गिऱ्हाइकं येतायत, कापड मोजून घेतायत आणि दुकान वर चाललंय!

ट्रेमाँट हाऊस उचलणाऱ्यांत जॉर्ज पुलमन नावाचा तरुण होता. न्यूयॉर्क राज्यातून आलेला. एका कालव्याच्या काठची घरं मागे सरकवून द्यायचा त्याच्या वडिलांचा धंदा होता. ते तो लहानपणापासून बघत आलेला. शिकागोला पुढे त्यानं आगगाडीचे झोपायचे डबे बनवून अफाट पैसा केला. शहरातल्या लाकडी घरांचा तर लोकांनी निकालच सोपा लावला. ती रोलरांवर चढवली आणि घोड्यांनी ओढत शहराबाहेर नेऊन ठेवली. एका स्कॉटिश प्रवाशानं लिहून ठेवलंय की त्याला एकाच दिवसात नऊ घरं रस्त्यानं जाताना भेटली. नऊ! आपल्याला रस्त्यात मावशी भेटते, काका भेटतात. त्याला घरं भेटली.

गटारं झाली, रस्ते वर आले, घरंही वर आली. सगळी घाण आता झकास उतारावरून नदीत जायला लागली. आणि नदी कुठं जाते? सरोवरात. आणि पिण्याचं पाणी कुठून येतं? सरोवरातूनच! कळला का घोटाळा? ज्या ताटात जेवायचं त्यातच हात धुवायचा प्रकार झाला.

चेसब्रो पुन्हा कामाला लागला. काठाजवळचं पाणी घाण आहे ना, मग लांबचं आणू. १८६४ मध्ये सरोवराच्या तळाखालून तीन किलोमीटरहून लांब बोगदा खणायला सुरुवात झाली. माणूस कसाबसा उभा राहील एवढा, पाच फूट व्यासाचा. एक टोळी काठाकडून खणत निघाली आणि दुसरी सरोवराच्या आतल्या टोकाकडून. डोक्यावर सगळं सरोवर, हातात कंदील. दोन्ही टोळ्या समोरासमोर आल्या तेव्हा त्यांच्या बोगद्यांमध्ये फरक निघाला फक्त काही इंचांचा! १८६७ मध्ये बोगद्यातून शहराला पाणी मिळायला लागलं. सगळ्यांना वाटलं, सुटला प्रश्न.

पण माणसं यायची कुठं थांबली होती? १८७१ च्या ऑक्टोबरमध्ये शहराला भयंकर आग लागली. सुमारे तीनशे माणसं गेली आणि एक लाख बेघर झाली. वाटेल की आता तरी ओघ थांबेल. उलटंच झालं! जळालेलं शहर पुन्हा बांधायला आणखी गवंडी आणि सुतार आले.

शहराच्या दक्षिणेला तर एक वेगळीच दुनिया उभी राहिली होती. १८६५ च्या नाताळच्या दिवशी तिथं गुरांचा प्रचंड बाजार सुरू झाला आणि भोवती मांस डबाबंद करणारे कारखाने आले. पुढे बर्फ भरलेले गार डबे आगगाडीला जोडले गेले आणि शिकागोचं मांस हजार मैलांवरच्या शहरांत ताजं पोचायला लागलं. या कारखान्यांत एक नवीच पद्धत होती. काम सरकत पुढे यायचं आणि प्रत्येक कामगारानं एकच छोटं काम करायचं, दिवसभर तेच. यासाठी कसबी खाटीक लागत नव्हता आणि इंग्रजी येण्याचीही गरज नव्हती. शेजाऱ्याचे हात बघितले की झालं. म्हणून काल बोटीतून उतरलेला लिथुआनियन शेतकरी आज तिथं कामाला लागू शकायचा. आणि म्हणूनच त्याला उद्या काढून टाकणंही मालकाला तेवढंच सोपं होतं, कारण फाटकाशी दुसरे शंभर जण उभे असायचे. हे दुसरं वाक्य कारखान्यांची स्तुती करणाऱ्या पुस्तकांत बहुतेक सापडत नाही.

या कारखान्यांची सगळी घाण नदीच्या एका फाट्यात जायची. रक्त, चरबी, आतडी. तळाशी ते सडायचं आणि त्यातून वायू सुटायचे, मिथेन आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. पाण्यावर सतत बुडबुडे. लोकांनी त्या फाट्याचं नावच ठेवलं बबली क्रीक. कारखाने बंद होऊन कितीतरी दशकं झाली, तरी तळाचा तो गाळ अजून अधूनमधून बुडबुडे सोडतो.

गरिबांच्या वस्त्यांत कचरा उचलायलाही कुणी फिरकत नसे. तिथं १८८९ साली जेन ॲडम्स आणि एलन स्टार या दोघी मैत्रिणी मुद्दाम राहायला गेल्या. त्यांच्या घराचं नाव हल हाऊस. तिथं बालवाडी होती, शिवणाचे आणि इंग्रजीचे वर्ग होते. आणि तिथल्या बायकांनी एक भलतंच शास्त्रीय काम केलं. दारोदार फिरून कोण कुठल्या देशाचं, कोणाला आठवड्याला किती मजुरी मिळते, हे लिहून घेतलं आणि त्याचे रंगीत नकाशे केले. एकेका देशाला एकेक रंग. १८९५ साली ते छापले. तेवढ्याशा वस्तीत अठरा देशांची माणसं निघाली! त्याच वर्षी जेनबाईंनी वॉर्डाच्या कचरा-निरीक्षकाची नोकरी धरली. पहाटे उठून त्या कचऱ्याच्या गाड्यांमागे जायच्या. एका गल्लीत कचरा खणत गेले तर अठरा इंच खाली चक्क फरसबंदी रस्ता सापडला. गल्लीतल्या लोकांना ठाऊकच नव्हतं की आपल्याकडे रस्ता आहे! पुढे १९३१ मध्ये या बाईंना शांततेचं नोबेल मिळालं. माझ्या मते एक नोबेल त्या झाडूसाठीही द्यायला हवं होतं.

१८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं. मुंबईहून ३१ मे रोजी बोटीत बसलेले स्वामी विवेकानंद सर्वधर्म परिषदेला पोचले, ते याच प्रदर्शनाच्या वेळी. ८० मीटर उंचीचा महाकाय पाळणा, विजेच्या दिव्यांनी उजळलेल्या पांढऱ्या इमारती, सगळा थाट. पण पाण्याचं काय? शहराच्या पाण्यावर पाहुण्यांचा भरवसा बसेल असं कुणालाच वाटेना. म्हणून शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या झऱ्याचं पाणी खास नळ टाकून प्रदर्शनात आणलं. एक सेंट द्या आणि पेलाभर प्या. केवढ्या मोठ्या सरोवराच्या काठावर बसून पाणी विकत!

या काळाबद्दल एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. १८८५ च्या एका मोठ्या पावसानंतर घाण पिण्याच्या पाण्यात गेली आणि शिकागोतली नव्वद हजार माणसं मेली, अशी. ती खोटी आहे. मोठा पाऊस झाला होता आणि लोक घाबरलेही होते, पण तसं मरणाचं थैमान झालं नव्हतं. खरी कारणं पुरेशी होती. टायफॉइड दरवर्षी माणसं नेतच होता.

शेवटी ठरलं की नदीच उलटी फिरवायची. सरोवरात जाणारी नदी सरोवरातून बाहेर काढायची!

आता तो ठेंगणा जलविभाजक आठवा. तो सह्याद्रीएवढा असता तर हा विचारही कुणी केला नसता. इथं मात्र त्याला कापत पश्चिमेकडे एक खोल कालवा खणला, की ज्याचा तळ सरोवराच्या पातळीच्या खूप खाली असेल आणि पुढे पुढे उतरत जाईल, तर सरोवराचं पाणी आपोआप नदीत शिरेल, नदी मागे वळेल आणि सगळी घाण घेऊन पलीकडच्या नदीत जाईल. पंप नको, यंत्र नको. फक्त गुरुत्वाकर्षण. १८९२ मध्ये काम सुरू झालं. ४५ किलोमीटर लांब कालवा, अर्धा मातीतून आणि अर्धा कातळातून. पहिल्या कालव्याच्या वेळी कुदळी होत्या, आता वाफेची फावडी आणि डायनामाइट आलं होतं. हजारो मजूर आठ वर्षं राबले. यातून शिकलेली तंत्रं पुढे पनामा कालव्याला उपयोगी पडली.

उलट्या नदीच्या खालच्या अंगाला सेंट लुईस हे शहर आहे, मिसिसिपीच्या काठावर, मिझुरी राज्यात. तिथले लोक खवळले. तुमची घाण आमच्या पिण्याच्या पाण्यात? आम्ही कोर्टात जातो! शिकागोच्या कारभाऱ्यांना याची कुणकुण लागली. कोर्टाची मनाई येण्याआधी पाणी सोडलं पाहिजे. म्हणून २ जानेवारी १९०० च्या सकाळी, बँडबाजा नाही, भाषणं नाहीत, मोजकी मंडळी गुपचूप शेवटच्या मातीच्या बांधापाशी जमली. थंडीनं माती दगडासारखी गोठलेली. डायनामाइट लावलं तरी ती हटेना. शेवटी यंत्राच्या फावड्यानं खरवडत खरवडत वाट केली आणि सरोवराचं पाणी आत घुसलं. नदी थबकली आणि हळूहळू उलटी वाहायला लागली.

सेंट लुईसच्या बाजूनं मिझुरी राज्य त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात गेलंच. आता सिद्ध कसं करायचं की शिकागोचे जंतू साडेपाचशे किलोमीटर वाहत येतात? शास्त्रज्ञांनी एक नामी युक्ती काढली. एक जिवाणू असा आहे की तो वाढवला की लालभडक ठिपका तयार होतो, म्हणजे ओळखायला एकदम सोपा. तो निरुपद्रवी आहे असं तेव्हा समजत. १९०१ च्या नोव्हेंबरमध्ये त्या जिवाणूंची शंभराहून जास्त पिंपं शिकागोच्या कालव्यात ओतली आणि सेंट लुईसजवळ पाण्याचे नमुने घेत माणसं वाट बघत बसली. डिसेंबर उजाडला आणि लाल ठिपका दिसला! पण एवढ्या पिंपांतले मिळाले किती, तर बोटांवर मोजण्याइतके. एक बाजू म्हणाली, बघा, पोचतात! दुसरी म्हणाली, बघा, वाटेत मरून जातात! १९०६ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल दिला की एवढ्या पुराव्यावर शिकागोला दोष देता येत नाही. शिवाय त्यांनी मिझुरीला हेही ऐकवलं की सेंट लुईसच्या वरच्या अंगाची तुमचीच गावं आपली घाण त्याच मिसिसिपीत सोडतात की!

नदी आजही उलटीच वाहते. आणि दर मार्चमध्ये, आयरिश लोकांच्या संत पॅट्रिकच्या सणाला, ती हिरवीगार होते. हे काम करतात शहरातले नळकामगार. कुठल्या इमारतीचं सांडपाणी चोरून नदीत सोडलंय हे शोधायला ते पाण्यात रंग टाकून बघायचे आणि त्या रंगाची हिरवी छटा बघून त्यांच्या म्होरक्याला ही कल्पना सुचली. १९६२ साली पहिल्यांदा त्यांनी अख्खी नदी रंगवली. अंदाज नसल्यामुळे रंग जरा जास्तच पडला आणि नदी आठवडाभर हिरवीच राहिली.